२३ पैकी २१ थ्री चुकले, तरी लिबर्टीने विजेतेपद मिळवलं

२० ऑक्टोबर २०२४, ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर. डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना. न्यूयॉर्क लिबर्टीने त्या दिवशी तीन गुणांचे २३ शॉट मारले, त्यांतले दोनच आत गेले. सब्रिना आयोनेस्कूचा तर सगळे शॉट मिळून १९ पैकी एकच बसला. तरीही मिनेसोटा लिंक्सला जादा वेळेत ६७-६२ असं हरवून लिबर्टीने पहिलं विजेतेपद मिळवलं. हा संघ १९९७ पासून, म्हणजे लीगच्या पहिल्या वर्षापासून खेळतोय. त्याआधी पाच वेळा अंतिम फेरी गाठून तो हरला होता: १९९७, १९९९, २०००, २००२ आणि २०२३.

शॉट बसत नसताना हा संघ जिंकला कसा, याचं उत्तर त्या एका संध्याकाळी सापडत नाही. त्यासाठी सबंध मोसम बघावा लागतो.

तेव्हाच्या प्रशिक्षक सँडी ब्राँडेलो यांच्या आक्रमणाचा पाया म्हणजे पाचही जणी थ्रीच्या रेषेबाहेर. १९८ सेंटिमीटर उंचीची सेंटर जोंक्वेल जोन्सही बाहेरून शॉट मारते, ब्रिआना स्टुअर्टही मारते. त्यामुळे समोरच्या संघाच्या उंच खेळाडूला बास्केटखाली थांबता येत नाही आणि आतली जागा मोकळी होते. मग जोन्स वर येऊन आयोनेस्कूसाठी स्क्रीन लावते, म्हणजे तिच्या बचावपटूच्या वाटेत आडवी उभी राहते. बचाव करणाऱ्या दोघी आयोनेस्कूवर धावल्या तर जोन्स आत वळते. दोघींनी आपापल्या खेळाडू बदलल्या तर जोन्सच्या अंगावर एखादी बुटकी गार्ड येते. नेहमीच्या मोसमात ३२ विजय आणि ८ पराभव झाले ते याच जोरावर.

या ४० सामन्यांचा भारही लक्षात घ्यायला हवा. १४ मे ते १९ सप्टेंबर, त्यात पॅरिस ऑलिंपिकसाठी जवळपास महिनाभर सुट्टी. उरलेल्या शंभरेक दिवसांत ४० सामने, म्हणजे सरासरी अडीच दिवसांनी एक. त्या सुट्टीतही स्टुअर्ट आणि आयोनेस्कू अमेरिकेकडून, तर लिओनी फीबिश आणि न्यारा साबाली जर्मनीकडून पॅरिसमध्ये खेळत होत्या. अशा वेळापत्रकात नवं काही बसवायला पूर्ण सराव फारसे मिळतच नाहीत. म्हणून प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या तोंडावर पहिल्या पाचांत बदल करणं हा मोठा धोका होता, आणि माझ्या मते ब्राँडेलो यांचा मोसमातला सर्वांत चांगला निर्णय तोच.

कोर्टनी व्हँडरस्लूटला त्यांनी बेंचवर आणलं आणि फीबिशला सुरुवातीला उतरवलं. व्हँडरस्लूट ही लीगच्या इतिहासातल्या सर्वोत्तम पासरपैकी एक, तेव्हा हे तिच्या खेळाचं अवमूल्यन नव्हतं. अडचण दोन्ही बाजूंना होती. तिच्या अंगावरची बचावपटू तिला सोडून मागे सरकायची, आतल्या गर्दीत उभी राहायची, आणि पाच जणी बाहेर ठेवण्याचा फायदाच संपायचा. बचावात १७३ सेंटिमीटरच्या खेळाडूला स्क्रीनमध्ये ओढून उंच खेळाडूसमोर उभं करणं प्रतिस्पर्ध्याला सोपं पडतं. फीबिश १९३ सेंटिमीटरची, लांब हातांची. ती आल्यावर पहिल्या पाचांत सर्वांत बुटकी आयोनेस्कू, तीही १८० सेंटिमीटर. आता खेळाडूंची अदलाबदल झाली तरी कुठेच सहज मारता येईल अशी जोडी समोरच्याला मिळत नव्हती. अटलांटाविरुद्धच्या पहिल्याच प्लेऑफ सामन्यात फीबिशने २१ गुण केले. पुढे उपांत्य फेरीत, आदल्या वर्षी अंतिम फेरीत हरवणाऱ्या लास व्हेगास एसेसला लिबर्टीने ३-१ ने बाद केलं.

अंतिम मालिकेतला पहिला सामना मात्र हातात आलेला घालवला. १८ गुणांची आघाडी होती. शेवटी आघाडी तीनवर आली असताना लिंक्सची कोर्टनी विल्यम्स थ्रीसाठी उठली आणि आयोनेस्कूने तिला फाउल केलं. शॉट बसला, वरचा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) तोही बसला, आणि लिंक्स एका गुणाने पुढे गेला. तीन गुणांनी पुढे असताना थ्री मारणाऱ्या खेळाडूला हात लागू द्यायचा नाही, हे शाळेच्या संघातही सांगतात. थकलेल्या पायांनी उशिरा पोचलं की शरीर पुढे झुकतं आणि नेमकं हेच होतं. मग स्टुअर्टला दोन फ्री थ्रो मिळाले, पण एक बसून बरोबरी झाली आणि दुसरा चुकला. जादा वेळेत ९५-९३ असा पराभव.

दुसरा सामना ८०-६६ असा सहज. तिसरा मिनियापोलिसमध्ये: १५ गुणांची पिछाडी, स्टुअर्टचे ३० गुण आणि अखेरच्या सेकंदांत आयोनेस्कूचा रेषेच्या बऱ्याच मागून मारलेला थ्री, ८०-७७. लोकांना तोच शॉट आठवतो. चौथ्या सामन्यात ८०-८० असताना रिबाउंडच्या, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्याच्या झटापटीत आयोनेस्कूकडून लिंक्सच्या ब्रिजेट कार्लटनला फाउल झालं आणि दोन फ्री थ्रोंवर लिंक्सने सामना घेतला. बॉक्स आउटचा, म्हणजे रिबाउंडसाठी समोरचीला मागे अडवून धरण्याचा क्रम ठरलेला असतो: शॉट सुटताच आधी आपली खेळाडू शोधायची, मग तिला पाठीशी घ्यायचं, गुडघे वाकवून कंबरेने जागा धरायची आणि शेवटी चेंडूकडे बघायचं. चेंडूकडे आधी बघितलं की समोरची आत शिरते, मग उरतो तो फक्त हाताने ओढण्याचा मार्ग, आणि शिट्टी वाजते.

आता पाचवा सामना. पहिल्या अर्ध्यात लिंक्सची आघाडी १२ गुणांपर्यंत गेली होती. लिबर्टीचे एकूण ७२ पैकी २२ शॉट बसले, त्यातून ४६ गुण. दर शॉटमागे ०.६४ गुण, हा आकडा हरणाऱ्या संघाचा आहे. पण फ्री थ्रो २५ मिळाले आणि २१ बसले. लिंक्सला फक्त ८ मिळाले. बाहेरून काही बसत नाही हे कळल्यावर चेंडू आत नेत राहणं, हा त्यातला अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे बेंचवरून आलेली साबाली. रिंगजवळ झुंजत तिने १३ गुण केले. फीबिशचेही १३. जोन्सने १७ गुण केले आणि अंतिम मालिकेची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. स्टुअर्टने १५ रिबाउंड घेतले. आयोनेस्कूनेही शॉट बसत नाहीत म्हणून खेळ सोडला नाही: ८ असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्यांनी गुण केले असे पास), ७ रिबाउंड.

वाद झाला तो ५.२ सेकंद उरले असताना. लिबर्टी दोन गुणांनी मागे, स्टुअर्ट आत घुसली आणि लिंक्सच्या अ‍ॅलना स्मिथवर फाउल दिलं गेलं. लिंक्सच्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी चॅलेंज घेतलं, पण पंचांनी निर्णय कायम ठेवला. सामन्यानंतर रीव्ह यांनी पंचगिरीवर उघड टीका केली. स्पर्श फार हलका होता असं मलाही वाटतं आणि लिंक्सचा राग मी समजू शकतो. पण त्यानंतर रेषेवर उभं राहून दोन्ही फ्री थ्रो घालायचे होते, आणि उभी होती ती पहिल्या सामन्यात तिथेच चुकलेली स्टुअर्ट. दोन्ही आत गेले. ६०-६०.

जादा वेळेच्या पाच मिनिटांत लिंक्सला दोनच गुण करता आले. लिबर्टीच्या बाजूने सुरुवातीलाच फीबिशने थ्री मारला, आणि मग साबालीने पास पळवून एकटीने धावत जाऊन लेअप केला. २३ पैकी जे दोन थ्री बसले, त्यांतला एक फीबिशचा हा.