दस्ता जोडला, नळी तीच राहिली

अमेरिका आणि इस्रायल या देशांत पिस्तुलाच्या मालकांना एक सुटा संच विकत मिळतो. या संचात आपले नेहमीचे पिस्तूल जसेच्या तसे आत सरकवून बंद करायचे, मागचा घडीचा दस्ता उघडून खांद्याला लावायचा आणि दोन्ही हातांनी धरून, पाहताक्षणी बंदूक वाटेल असे ते हत्यार चालवायचे, अशी एकंदर योजना असते. इस्रायली कंपन्यांनी प्रामुख्याने ग्लॉक पिस्तुलांसाठी काढलेला ‘रोनी’ हा संच त्यात सर्वांत प्रसिद्ध आहे. नेमबाजीची आवड असल्यामुळे आणि जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या वस्तूंच्या डाय (साचे) बनवण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे, या वस्तूकडे मी दोन्ही अंगांनी पाहत आलो आहे. ती कारागिरी म्हणून चांगली आहे. मात्र तिच्याबद्दल जे समज पसरलेले आहेत, त्यांतील बहुतेक चुकीचे आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज असा की अशा संचामुळे पिस्तुलाची ताकद वाढते. चौकट बहुधा प्लास्टिकची, दस्ता प्लास्टिकचा, वर दुर्बीण बसवण्यासाठी खाचांची पट्टी, आणि या सगळ्याच्या आत मूळचे पिस्तूल. नळी तीच, काडतूस तेच, म्हणून गोळीचा वेगही तोच. चौकटीत बंद झालेल्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, हाताने मागे ओढता येत नाही, म्हणून स्लाइडच्या मागच्या खाचांवर एक पकड बसवून तिचे कान चौकटीबाहेर काढलेले असतात. गोळी सुटल्यावर ती पकड स्लाइडबरोबर मागेपुढे धावते आणि नेमबाजाचा गाल तिच्यापासून फार दूर नसतो. डाय बनवणाऱ्याच्या नजरेला यातली खरी करामत तिथेच दिसते, कारण पिस्तूल चौकटीत तसूभरही हलता कामा नये आणि तरीही त्याचा वरचा अर्धा भाग प्रत्येक गोळीला मोकळेपणी मागे गेला पाहिजे. बाकीचा सगळा भाग दिखाऊ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग फरक कशाने पडतो? आधाराने. पिस्तूल हे पुढे ताणलेल्या हातांच्या टोकाला असते, आणि मनगट, कोपर व खांदा या तिन्ही सांध्यांचे थरथरणे त्याच्या माशीपर्यंत (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेपर्यंत) पोहोचते. दस्ता खांद्यात रुतला, गाल त्यावर टेकला आणि दुसरा हात पुढे आला की तेच हत्यार, रावेरकडच्या केळीला घड पेलण्यासाठी बांबूचा टेकू द्यावा तसे, जागेवर राहते. शिवाय पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातले अंतर वीतभरच असते, त्यामुळे नजरेची बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. त्या जागी लाल ठिपक्याची दुर्बीण आली की ही अडचणही बरीचशी मिटते. नवख्या माणसाला पंचवीस मीटरवर याचा फायदा ताबडतोब जाणवतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो फायदा हत्याराचा नसून माणसाच्या अंगाच्या ठेवणीचा असतो.

संचाचा दुसराही एक प्रकार आहे, ज्यात पिस्तुलाचा वरचा भाग काढून ठेवून खालच्या मुठीवर सोळा इंची नळीचा पूर्ण नवा वरचा भाग बसवतात. इथे मात्र नळी खरोखर लांब होते, आणि ९ मि.मी.च्या गोळीचा वेग साधारण दहा-पंधरा टक्के वाढतो. त्याहून जास्त का वाढत नाही, हे मला वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसांच्या खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या मामांनी अनेक वर्षांपूर्वी समजावून दिले होते. पिस्तुलाच्या काडतुसातली दारू आखूड नळीच्या हिशेबाने, चटकन जळून जाणारी अशी भरलेली असते. ती जळून संपल्यावर पुढच्या नळीत गोळीला मिळणारा रेटा झपाट्याने ओसरत जातो, नळीचे घर्षण मात्र सोसावेच लागते. “नळी लांब केली म्हणून काडतूस थोडेच बदलते, भाच्या,” असे ते म्हणायचे, आणि एवढ्या एका वाक्यात या संचांच्या अर्ध्याअधिक जाहिराती निकालात निघतात.

ही कल्पना मुळीच नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांना सुटे लाकडी दस्ते मिळत असत. १८९६ च्या जर्मन माउझर पिस्तुलाची लाकडी पेटी तर कमरेला म्यान आणि मुठीमागे खाचेत अडकवली की दस्ता, अशा दुहेरी कामाची होती. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्याला आठ इंची नळीचे लुगर पिस्तूल दस्त्यासह दिले गेले आणि त्याला पुढे बत्तीस गोळ्यांचा गोगलगायीच्या आकाराचा डबाही जोडला जाई. रशियाच्या स्टेच्किन पिस्तुलाचे म्यानही असेच दस्ता होत असे. १९७० साली हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीने काढलेल्या व्हीपी ७० या पिस्तुलात तर दस्ता जोडल्यावरच एका चापात तीन गोळ्या सुटत, दस्ता काढला की एकेकच. म्हणजे तिथे दस्त्यातच यंत्रणेचा एक भाग बसवलेला होता. तरीही या जोडण्या पुढे मागे पडल्या, कारण दस्ता लावलेले पिस्तूल खऱ्या कार्बाईनपुढे (आटोपशीर, हलक्या रायफलीपुढे) तोकडे पडते आणि कमरेला वागवायचे तर जड होते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हाच बिनमहत्त्वाचा वाटणारा दस्ता सगळे काही बदलून टाकतो. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने खांद्याला लावून चालवायचे आणि अठरा इंचांपेक्षा (१९६० पासून सोळा इंचांपेक्षा) आखूड नळीचे हत्यार ‘आखूड रायफल’ ठरवले, त्याची नोंदणी सक्तीची केली आणि त्यावर २०० डॉलर कर बसवला, जी रक्कम त्या काळी पुष्कळ होती. त्यामुळे एखाद्याने आपले रीतसर पिस्तूल आणि रीतसर विकत घेतलेला संच घरी बसून जोडला, की त्या क्षणी नोंदणी नसलेले हत्यार तयार केल्याचा गुन्हा त्याच्या हातून घडतो. हा प्रश्न १९९२ मध्ये थेट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. थॉम्प्सन सेंटर या कंपनीने आपल्या ‘कंटेंडर’ या एकगोळी पिस्तुलाबरोबर एकवीस इंची नळी आणि रायफलचा दस्ता असा संच काढला होता. लांब नळी आणि दस्ता एकत्र लावले तर ती कायदेशीर रायफल होई, आखूड नळी आणि मूठ लावली तर कायदेशीर पिस्तूल. पण आखूड नळीला दस्ता लावला तर निषिद्ध वस्तू. सगळे भाग एकाच खोक्यात असल्यामुळे ते खोकेच आखूड रायफल मानावे, असे सरकारचे म्हणणे होते. कंपनीने एका संचाचा कर भरून तो परत मागण्याचा दावा लावला आणि ५ विरुद्ध ४ मतांनी ती जिंकली. कायद्याचे शब्द संदिग्ध असतील आणि त्यांच्या उल्लंघनाला शिक्षा असेल, तर अर्थ नागरिकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व त्या निकालात महत्त्वाचे ठरले. माझ्या मते हा निकाल योग्यच होता, कारण कोणत्या भागाला कोणता भाग जोडायचा, हे शेवटी माणूस ठरवतो, खोके ठरवत नाही. पुढे दस्त्याऐवजी हाताला पट्ट्याने बांधायचा ‘ब्रेस’ आला, २०२३ साली त्यावर नवा नियम झाला आणि २०२४ मध्ये तो न्यायालयात रद्दही झाला. १ जानेवारी २०२६ पासून तर आखूड रायफलवरचा तो जुना २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे. नोंदणी मात्र कायम आहे.

हे सगळे तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, अमळनेरकडचा एक ओळखीचा तरुण मोबाइलमध्ये अशाच संचाची चित्रफीत घेऊन माझ्या कारखान्यात आला होता. “भाऊ, हाई आपलाकडे बनी का?” असे त्याने सहज, पाइपाचे बेंड किंवा ठिबकचा तुकडा दाखवावा इतक्या सहजपणे विचारले. काचतंतू मिसळलेले नायलॉन आमच्याकडे रोजचेच आहे आणि डाय कोणालाही कापता येते, हे त्याला माहीत होते. त्याला मी चहा पाजला आणि कायदा सांगितला.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ६ मुळात नळी आखूड करणे आणि नकली हत्याराचे खरे करणे या दोनच गोष्टींना परवान्याविना मनाई करीत असे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एका प्रवर्गातील हत्याराचे दुसऱ्या प्रवर्गात रूपांतर करण्याचाही समावेश झाला, आणि अशा गुन्ह्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा ठेवली गेली. शस्त्रांचे सुटे भाग हेदेखील या कायद्याने ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात. मुळात ज्या ९ मि.मी. पिस्तुलांसाठी हे संच घडवलेले असतात, तो बोअर (नळीचे माप) आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परवान्यावर साधारणपणे मिळते ते पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. म्हणजे संच बनवून देणारा आणि घेणारा असे दोघेही अडकणार, आणि बसवायला हाती रीतसर पिस्तूल नाहीच. चोपड्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशच्या हद्दीत असलेल्या उमर्टी गावाचे नाव गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत वारंवार येत असल्यामुळे आपल्या जिल्ह्याचे पोलीस या बाबतीत आधीच सावध असतात, हेही त्याला सांगावे लागले. तो थोडा हिरमुसला. पण घरी जाताना त्याने ती चित्रफीत पुसून टाकली असेल, अशी माझी काही समजूत नाही.

पिस्तुलाची काडतुसे आणि कार्बाईनची ठेवण यांचा मेळ घालायचा असेल, तर हत्यार पहिल्यापासून तसेच घडवावे लागते. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने महू येथील इन्फंट्री स्कूलबरोबर बनवलेले आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी विकसित केलेले ‘अस्मी’ हे ९ मि.मी.चे हत्यार त्याचे चांगले उदाहरण आहे. २०२१ मध्ये ते जाहीर झाले, आणि २०२४ मध्ये लष्कराने अशी ५५० हत्यारे घेतली. दस्ता त्यालाही आहे आणि तोही घडीचाच आहे. पण त्यातली नळी, वजन आणि पकड ही त्या दस्त्याचा विचार करूनच ठरवलेली आहेत. धुळ्याहून आग्रा रस्त्याने वर गेले की महू लागते, त्यामुळे आपल्या भागातल्या होतकरू मुलांना असे काम करण्यासाठी फार लांब पाहायची गरज नाही.

ज्यांना केवळ नेम साधायचा आहे, त्यांच्यासाठी स्पर्धांचे नियम याच्या नेमके उलट आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दहा मीटर एअर पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते, त्याचे वजन दीड किलोपेक्षा जास्त चालत नाही, चाप किमान पाचशे ग्रॅम दाबानेच सुटला पाहिजे, आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नसावा, म्हणून मनगट मोकळे दिसते की नाही हे पंच स्वतः तपासतात. आमच्या क्लबातल्या मुलांना पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त राग याच नियमाचा येतो.