धनुष्यबाण, मशाल आणि आरती

आज नौपाड्याला मोठ्या काकांकडे गणपतीला गेलो होतो. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हापासून आमच्या पंगतीतही दोन बाजू पडल्यात. काका आणि आतोबा, दोघेही आनंद दिघे साहेबांच्या काळात टेंभी नाक्यावर एकत्र राबलेले, एकाच स्कूटरवरून फिरलेले. आता एकाचा धनुष्यबाण, दुसऱ्याची मशाल.

जेवताना विषय निघालाच. आतोबांच्या तोंडून "गद्दार" शब्द गेला आणि वरणभात कालवणारा काकांचा हात थांबला. काकू तुपाची वाटी घेऊन तशीच उभी. फार वाईट वाटलं. मतं प्रत्येकाला असतात, मलाही आहेत, पण इतक्या वर्षांच्या सोबत्याला हा शब्द? गॅलरीत गाठून आतोबांना तेवढंच म्हणालो. ते खाली रस्त्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी आरतीला काकांना गुडघ्यामुळे उभं राहवेना. आतोबांनी हातातले टाळ माझ्याकडे दिले आणि काकांच्या दंडाला धरून उभे राहिले. मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत हात सोडला नाही.

निघताना काकांनी सगळ्यांना मोदकांचे डबे भरून दिले. आतोबांच्या डब्यात दोन जास्त होते, मी बघितलं.