अण्णांचं ‘पाणी’ आणि कुलूपबंद शोधनिबंध

गेल्या पावसाळ्यापासून सोलापुरात अशोक चौकाजवळच्या माझ्या क्लिनिकमध्ये एक आजोबा येतात. घरातले त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. (घरच्यांना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्या आहेत.) चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर चादरी विणल्या. मग मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. महिन्याभरानं शब्द परत यायला लागले, पण मराठी. अण्णांची मायबोली तेलुगू. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, तांब्या पुढे केला की ते “पाणी” म्हणायचे. “नीळ्ळु” काही केल्या तोंडातून निघत नव्हतं.

अक्कांनी मला विचारलं, “ताई, लग्न झाल्यापासून आमी घरात तेलुगूच बोलतो. आता ह्यांच्याशी मराठीत बोलायचं का? तेलुगू बोललो तर डोकं अजून गोंधळंल का त्यांचं?”

मी स्पीच थेरपिस्ट आहे, या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम आहे. पण त्या दिवशी माझ्याकडे होतं ते परीक्षेपुरतं पाठ केलेलं. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटलं होतं की आधी शिकलेलं जास्त टिकतं. त्यांच्याच देशातले डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये मांडलं की आजारापूर्वी जी भाषा जास्त वापरात होती ती आधी परत येते. अण्णा कारखान्यात दिवसाचे बारा तास मराठी बोलायचे, म्हणजे पित्र यांचं म्हणणं लागू पडतंय असं वाटलं. पण अक्कांचा प्रश्न पुढचा होता. मी एका भाषेत सराव घेतला तर त्याचा फायदा दुसरीत उतरेल का?

त्या रात्री शोधायला बसले. यावर बरंच काम झालंय. सारांश वाचून एवढं कळलं की कधी फायदा उतरतो, कधी नाही, आणि ते कशावर ठरतं हे आतल्या तक्त्यांत आहे. तक्ते कुलपात. एक लेख उघडायचे चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये. माझी एका बैठकीची फी ३०० रुपये आहे, आणि अण्णांच्या घरी तेवढेही दर वेळी निघत नाहीत. शिकत असताना कॉलेजच्या लायब्ररीत हेच लेख एका क्लिकवर उघडायचे. पदवी हातात आली, पेशंट समोर आले आणि नेमकं तेव्हाच लॉगिन बंद झालं. ज्याला उपचार करायचे आहेत त्यालाच दार बंद, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलंय की, म्हणजे सरकार पैसे भरणार आणि संस्थांतल्या लोकांना नियतकालिकं वाचता येणार. आणलंय, आणि मला त्याचं मोल आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० सरकारी संस्था. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला जे वाचता येतं, ते आमच्या पिढीला स्वप्नातही नव्हतं. पण ही सोय संस्थांसाठी आहे. चौकात एका खोलीत बसणारी मी, गावोगावचे समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट, आम्ही कुठल्याच यादीत नाही. दुसऱ्याच्या लॉगिनवर आपलं काम चालवणं मला बरोबर वाटत नाही.

मग उघडं काय आहे ते धुंडाळलं, आणि तिथे मात्र पोटभर मिळालं. म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कुणालाही वाचता येतात. भारतीय भाषांवरचं काम मला तिथेच सापडलं. मिशेल पॅराडी यांची बहुभाषिक रुग्णांसाठीची चाचणी कॅनडाच्या मॅगिल विद्यापीठानं अनेक भाषांत मोफत ठेवली आहे. अनपेवॉल नावाचं एक साधन २०१७ पासून आहे. ब्राउझरमध्ये टाकलं की लेखाची कायदेशीर खुली प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. सायआर्काइव्ह २०१६ पासून आहे, तिथे मानसशास्त्राचे संशोधक आपले लेख स्वतःच ठेवतात.

आणि एक साधी गोष्ट: लेखकाला पत्र लिहावं. संशोधकाला त्या चाळीस डॉलरमधला एक पैसाही मिळत नाही. मी एका परदेशी बाईंना चार ओळींचा ईमेल केला, तर दुसऱ्या दिवशी लेख आला, सोबत अण्णांची चौकशीही.

सगळ्यात जवळचं वाटलं ते हैदराबादचं काम. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची विचारशक्ती झटक्यानंतरही शाबूत होती, एकभाषिकांत हे प्रमाण १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. हे आकडे सारांशातच आहेत, आणि सारांश पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीवर कुणालाही वाचता येतो. हैदराबादचे ते रुग्ण आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या माणसांसारखेच, घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारे. पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या पोरांवर केलेल्या प्रयोगांवरून अण्णांबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खुलं करण्याचा एक मार्ग मला मान्य नाही, तो म्हणजे वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घ्यायचे. ‘न्यूरोइमेज’ हे मेंदूच्या प्रतिमांवरचं नावाजलेलं नियतकालिक. २०२३ मध्ये तिथे एक लेख छापायचे ३,४५० डॉलर लागायचे, म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर. त्याच्या प्रकाशकानं, एल्सेव्हिअरनं, फी कमी करायला नकार दिला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकदम राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसबरोबर ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ सुरू केलं. ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. अण्णांसारख्या तीन-चार भाषांच्या पेशंटच्या नोंदी माझ्याकडे वह्या भरून आहेत. पण छापायला लाखभर लागत असतील तर सोलापूरचे रुग्ण या शास्त्रात कधी दिसणारच नाहीत. म्हणून संशोधकांना माझी विनंती आहे, जिथे छापायचं तिथे छापा, पण नियतकालिकानं स्वीकारलेली प्रत सायआर्काइव्हसारख्या खुल्या भांडारात ठेवा. बहुतेक प्रकाशक त्याला परवानगी देतात.

अक्कांना मी शेवटी सांगितलं, तेलुगू सोडू नका. मी मराठीत सराव घेते, त्याच वस्तूंचा तुम्ही घरी तेलुगूत घ्या. वाचलेल्यातलं कामाचं तेवढं दोन पानांवर मराठीत लिहून दिलं, त्यांच्या सुनेनं ते तेलुगूत करून स्वयंपाकघरात चिकटवलं. दिवाळीच्या सुमारास काही तेलुगू शब्द यायला लागले. सरावामुळे की काळामुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

परवा अक्का नवंच घेऊन आल्या. अण्णा भाकऱ्या मोजताना “ओंदु, एरडु, मूरु” म्हणतात. कन्नड! तरुणपणी त्यांचा जॉबर, म्हणजे कारखान्यातला मुकादम, कन्नड होता, आकडे त्याच्याकडून शिकलेले. शब्द एका भाषेत आणि आकडे तिसऱ्याच, असं का होत असावं? रात्री शोधलं. कामाचे वाटले असे तीन लेख मिळाले. एक वाचून झालाय. उरलेल्या दोन्हींच्या लेखकांना ईमेल केलाय.