निकोडेमस, कॅन्सस: हायवेवरचा फलक आणि त्यामागचं गाव

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, डेन्व्हर आणि कॅन्सस सिटी या शहरांच्या जवळजवळ मधोमध, आय-७० हा महामार्ग सोडून पाऊण तास उत्तरेला गेलं की यूएस-२४ हा दुपदरी रस्ता लागतो. त्याच्या कडेला, गाडी लावायला जागा असलेल्या छोट्या थांब्यावर, निकोडेमस कसं वसलं ते सांगणारा फलक आहे. फलक वाचून, फोटो काढून लगेच निघू नका. गाव तिथेच आहे. दोन तास हाताशी ठेवा.

पश्चिमेकडून येताना आय-७० वर वाकीनीला, १२७ नंबरच्या एक्झिटला उतरा. यूएस-२८३ ने हिल सिटी गाठा आणि तिथून पूर्वेला साधारण १२ मैल जा. पूर्वेकडून येणाऱ्यांना हेज आणि स्टॉक्टनमार्गे सोपं पडतं. पेट्रोल आणि जेवण हिल सिटीत किंवा स्टॉक्टनमध्येच उरका, गावात दोन्ही मिळत नाही. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. डेन्व्हरहून येणारे हमखास एक गोष्ट विसरतात: वाटेत घड्याळ तासभर पुढे जातं. मग गावातलं माहिती केंद्र बंद झालेलं सापडतं. केंद्राचे वार आणि वेळा बदलत असतात, त्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. तिकीट नाही.

गुलामगिरीतून सुटलेल्या केंटकीच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८७७ मध्ये हे गाव वसवलं. सप्टेंबरात आलेला तीनशेच्या आसपास लोकांचा जथा एलिसपर्यंत रेल्वेने आला आणि पुढे दोन दिवस चालला. या माळावर झाडं नाहीत, म्हणजे लाकूडही नाही. म्हणून जमिनीतच घरं खणली. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांनी गाव कुठे आहे असं विचारलं, तेव्हा त्यांना जमिनीतून निघणारा धूर दाखवला गेला. त्या रडायलाच लागल्या. सप्टेंबरचा जथा पोहोचला तेव्हा पेरणीचा हंगाम उलटून गेला होता आणि अवजारं, जनावरं नावालाच होती. पहिला हिवाळा निभावला त्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी दिलेल्या मांसाचाही वाटा होता. या वसाहतकारांना सरसकट ‘एक्झोडस्टर’, म्हणजे दक्षिणेतून कॅन्ससकडे निघालेले कृष्णवर्णीय, म्हटलं जातं. पण त्या स्थलांतराची मोठी लाट १८७९ ची, हे लोक तिच्या आधीचे.

गावात पाच जुन्या इमारती आहेत: टाउनशिप हॉल, दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि शाळा. सुरुवात १९३९ च्या चुनखडी दगडाच्या टाउनशिप हॉलपासून करा. राष्ट्रीय उद्यानांच्या आठवणवहीवरचा (तिला ‘पासपोर्ट’ म्हणतात) शिक्का आणि स्वच्छतागृह, दोन्हींची सोय माहिती केंद्रात होते. सगळ्या इमारती आतून बघता येत नाहीत, आणि आजूबाजूच्या घरांत माणसं राहतात, तेव्हा अंगणात शिरू नका. सावली जवळजवळ नाहीच. वारा इतका की गाडीचं दार हातात धरूनच उघडावं.

गाव का खुंटलं ते बघायचं तर नैर्ऋत्येला पाच-सहा मैलांवरच्या बोग या गावाला जा. रेल्वे यावी म्हणून निकोडेमसकरांनी १८८७ मध्ये १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. तरी ती आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीचा मार्ग सोलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेला. तिथल्या कामगार तळाचं बोग झालं आणि निकोडेमसचे दुकानदार नदीपलीकडे गेले. काहींनी तर दुकानाची इमारतच उचलून नेली.

जुलैच्या अखेरच्या शनिवार-रविवारी गुलामगिरीतून मुक्तीचा (मुक्तिदिनाचा) सोहळा असतो आणि देशभर पांगलेले वंशज गावी येतात. तेव्हा जायचं असेल तर हिल सिटीतली खोली बरीच आधी धरून ठेवा.