हळदी-कुंकू बदक आणि आईच्या हातातली दुर्बीण

नाशिकची ताई आणि दाजी भाचीला घेऊन फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरला आले, तेव्हा अंबाबाईचे दर्शन झाल्यावर पुढचा बेत पक्ष्यांचाच ठरला. ताईला नांदूर मध्यमेश्वर जवळ; गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे तयार झालेली ती पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तिथल्या निरीक्षण मनोऱ्यावर भाची अनेकदा चढली आहे. आमच्या कोल्हापूरचे रंकाळा आणि कळंबा ही अभयारण्ये नव्हेत, गावाची तळी आहेत. तरीही थंडी सरताना इथे जे दिसते, ते तिला दाखवायची मला फार इच्छा होती.

सकाळी साडेसहाला आम्ही कळंब्यावर पोहोचलो आणि उजेड पाठीशी राहील अशा बेताने पूर्वेकडच्या काठावर बसलो. आईने आयुष्यात कधी दुर्बीण हाती घेतली नव्हती. ती आधी नको म्हणाली, मग भाचीने तिच्या गळ्यात पट्टा अडकवला. काठाजवळ बदकांची एक जोडी चरत होती. बराच वेळ निरखून आई म्हणाली, "अगं, हिच्या चोचीला हळद-कुंकू लावलंय की!" काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी, डोळ्यांपुढे, लाल ठिपका. पक्ष्याचे नावच हळदी-कुंकू बदक आहे, हे मी सांगितले तेव्हा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. कारण ते तिने कुणी शिकवण्याआधीच ओळखले होते.

मग नावांचाच नाद लागला. काळ्याभोर अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी आईने स्वतःच शोधला. पसरट चोचीचे थापटे पाण्यात गोल गोल फिरत होते. त्यांच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात असतात आणि त्यांतून पाणी गाळून ते बारीकसारीक जीव खातात. पाणी मागे सरकून उघड्या पडलेल्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे होते आणि सारखी शेपटी हलवणारा तुतवार होता. पिवळ्या धोब्याच्या पोटावर आता गडद पिवळा रंग चढू लागला होता, कारण परतीच्या प्रवासाआधी त्याचा विणीचा पोशाख तयार होत असतो. म्हणूनच मला डिसेंबरपेक्षा हे दिवस अधिक प्रिय आहेत.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, पट्ट्यावर जांभळ्या पाणकोंबड्या निवांत चालत होत्या. त्यांना केंदाळ मानवते, पण ते सगळीकडे पसरले की डुबकी मारणाऱ्या वारकऱ्याला आणि बदकांना मोकळे पाणी उरत नाही. गावातल्या तळ्याची काळजी घेताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

पाहुणे गेल्यावर दुर्बीण आईकडेच राहिली. मार्चच्या मध्यावर आम्ही दोघे पुन्हा कळंब्यावर गेलो. थापटे उत्तरेला निघून गेले होते, शेकाटे मात्र होते. काठाच्या गवतात हळदी-कुंकवाची जोडी जागच्या जागी होती. आईने ताईला तिथूनच फोन लावला आणि म्हणाली, "आपली जोडी अजून इथंच हाय बघ."