मधल्या धारेची

सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाटल्यांसमोर नवखा माणूस उभा राहिला की त्याची नजर सगळ्यात आधी आकड्यावर जाते. १२, १५, १८. आकडा मोठा तर माल भारी, असा हिशेब मनात आपोआप मांडला जातो, आणि किमतीही त्याच क्रमाने चढत गेलेल्या असल्यामुळे हिशेब बरोबर असल्याचीच खात्री पटते. बाटल्यांवरची नावं वाचता येत नाहीत, हेही आकड्याकडे वळण्याचं एक कारण असावं. 'ब्रुकलॅडी' असा उच्चार करायचा असतो, हे ती लांबलचक अक्षरं पाहून कुणाच्या बापाला सुचणार नाही. आकडा निदान वाचता तरी येतो.

आकडा खोटा नसतो. तो एवढंच सांगतो की बाटलीत जी व्हिस्की वयाने सगळ्यात लहान आहे, तिने इतकी वर्षं लाकडी पिंपात काढली आहेत. कारण सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली दारू नव्हे. ती एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या हंड्यात, गाळलेली हवी. मग त्या डिस्टिलरीतली वेगवेगळ्या वयाची कितीही पिंपं एकत्र केली तरी चालतं. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल, या कायद्याच्या आणखी अटी. आणि बाटलीत भरली की वय थांबलं. कपाटात वीस वर्षं जपून ठेवलेली १२ वर्षांची बाटली १२ वर्षांचीच राहते, जपणाऱ्याचं वय तेवढं वाढतं.

पण ती वर्षं कुठे आणि कशात गेली, हे आकडा सांगत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण २ टक्के दारू दरवर्षी उडून जाते. तिला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरच्या अमृत किंवा तैवानच्या कवलान डिस्टिलरीत देवदूत बरेच जास्त तहानलेले असतात. तिथे लाकूड आणि दारूची देवाणघेवाण इतक्या वेगाने चालते की चार-सहा वर्षांतच व्हिस्की तयार होते. १८ वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरणारच नाही. थंड हवेतही जास्त मुरलेली ती जास्त चांगली, असा नियम नाही. लाकूड फार झालं की दारू कडवट, तुरट लागते, आणि तरी तिची किंमत मात्र वाढलेलीच असते.

म्हणून माझं मत असं, की नवख्याने वय बाजूला ठेवून आधी पिंप विचारावं. स्टिलमधून दारू येते तेव्हा पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात. पिंपात जाते ती मधली. ती पाण्यासारखी बिनरंगी असते. स्टिलचा आकार तिला थोडा स्वभाव देतो: ग्लेनमोरांजीची स्टिल्स स्कॉटलंडमध्ये सगळ्यात उंच, त्यामुळे जड वाफा वरपर्यंत पोचतच नाहीत आणि दारू हलकी, फुलाफळांच्या वासाची उतरते. पण रंग सगळा आणि चवीचा फार मोठा हिस्सा पुढे लाकडातून येतो. अमेरिकेत बर्बन ही तिथली व्हिस्की दर वेळी नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं ते २०० लिटरचं पिंप त्यांच्या बर्बनला निरुपयोगी, म्हणून जहाजाने स्कॉटलंडला जातं. त्यातून निघालेल्या व्हिस्कीत व्हॅनिला, मध, कधी ओल्या खोबऱ्याची झाक असते. दुसरं मोठं कूळ शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांचं. ही पिंपं आता बहुतेक वेळा व्हिस्कीसाठीच शेरी मुरवून मुद्दाम तयार करून घेतात. त्यातून बेदाणा, सुकं अंजीर, संत्र्याची साल, लवंग, असा सगळा सणासुदीचा वास येतो.

हे दोन वास एकदा नाकाला वेगळे कळले, की निम्मी निवड झाली. ग्लेनमोरांजी ओरिजिनल आणि ग्लेनड्रोनाक १२ शेजारी शेजारी ओतून पाहावी: पहिली बर्बनच्या पिंपातली, दुसरी शेरीच्या. एकएकटी प्यायली तर दोन्ही 'छान' वाटतात आणि त्या छानपणाचं पुढे काहीच होत नाही. शेजारी ठेवल्या की नवख्यालाही पाच मिनिटांत आपली बाजू कळते. दोन्ही हव्यात असं वाटलं तर बॅल्वेनी डबलवूड आहेच. ती आधी बर्बनच्या पिंपांत आणि मग शेरीच्या पिंपात ठेवलेली असते. रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद दिसणारी बाटली जुनीच असेल किंवा शेरीचीच असेल असं नाही.

उरलेली निम्मी निवड धुराची. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. (उच्चार हाच आहे, माझा नाइलाज आहे.) तिथल्या जमिनीत पीटचे थर आहेत: हजारो वर्षं दलदलीत कुजत, दबत गेलेल्या वनस्पती. मोड आलेले सातू पीटच्या धुरावर वाळवले की तो धूर दाण्यात शिरतो आणि पुढे गाळून, मुरवून, बाटलीत भरूनही जात नाही. तिथल्या लाफ्रोएगचा पहिला वास आयोडिनचा, टिंक्चरचा, नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याचा येतो. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ती औषध म्हणून विकली जायची, आणि तो वास घेऊन तिला आत येऊ देणाऱ्या कस्टम अधिकाऱ्यांना दोष देता येत नाही.

नवख्याला धुरात थेट ढकलायचं की नाही, यावर जाणकारांत कायमचे दोन तट आहेत. ढकलावं म्हणणारे स्वतः आर्डबेगसारख्या एखाद्या धुरकट व्हिस्कीने घायाळ होऊन या छंदात आलेले असतात. माझा कल दुसऱ्या तटाकडे आहे. ऑर्कनी बेटांवरची हायलंड पार्क १२ मधाच्या मागे लपलेला धूर दाखवते, स्काय बेटावरची टॅलिस्कर १० मिरपूड आणि समुद्र यांच्यासोबत थोडा मोकळा धूर. या दोन पायऱ्या चढून आयलावरच्या लागाव्हूलिन १६ कडे गेलं तर तिची खोली कळते; तोवर तिच्यात फक्त राख सापडण्याची शक्यता आहे. काही बाटल्यांच्या माहितीत पीपीएम म्हणून धुराचं माप लिहिलेलं असतं. तेही बरेचदा वाळवलेल्या सातूचं असतं, ग्लासातल्या दारूचं नसतं. पुन्हा एक आकडा, पुन्हा तोच मोह.

प्रदेशांचं काय? हायलंड, लोलंड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन, आयला अशी पाच नावं पहिल्याच दिवशी पाठ करून घेतली जातात. मला ती संगीतातल्या घराण्यांसारखी वाटतात. एकेकाळी नाव सांगितलं की गाण्याची तऱ्हा कळायची. आता जो तो सगळीकडचं ऐकून आपापलं गातो. आयलावरची बुनाहावन १२ जवळजवळ बिनधुराची आहे. ब्रुकलॅडीची नेहमीची बाटली बिनधुराची, आणि त्याच डिस्टिलरीची ऑक्टोमोर जगातल्या सगळ्यात धुरकट व्हिस्क्यांमध्ये मोडते. बेनरियाक स्पेसाइडची असून धूर काढते. घराणं माहीत असावं, पण त्यावरून बाटली विकत घेऊ नये.

या सगळ्या परंपरेपुढे दबूनही जाऊ नये, कारण ती दिसते तेवढी जुनी नाही. डिस्टिलऱ्या जुन्या आहेत. ग्लेनलिव्हेटचा परवाना १८२४चा. पण त्यांचा बहुतेक माल फार काळ ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्र व्हिस्कीत, जात होता. ग्लेनफिडिकने आपली व्हिस्की सिंगल माल्ट म्हणून स्कॉटलंडबाहेर जोमाने विकायला सुरुवात केली ती १९६३ साली. म्हणजे 'खरी पद्धत' शिकवणाऱ्या काकांच्या तरुणपणी जगभर बहुतेक लोक नवखेच होते.

पद्धतीचं म्हणाल तर पाणी घालावं का, या प्रश्नावर निष्कारण घाम गाळला जातो. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची गणितं मांडून दाखवलं, की अल्कोहोलचं प्रमाण कमी झालं की धुरकट वासाचा ग्वायकॉल हा घटक पृष्ठभागाकडे सरकतो. थेंबभर पाण्याने वास खुलतो हे पिणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं, पण आता टोमणे मारणाऱ्याच्या तोंडावर फेकायला एक शोधनिबंध आहे. विशेषतः ४६ टक्के किंवा त्याहून कडक बाटलीत पाणी घालायला कचरू नये. बर्फाने मात्र वास मिटतो, आणि वासासाठीच तर इतका खटाटोप. ग्लास वरून निमुळता घ्यावा, नाक आत खुपसू नये, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगावं. पहिला घोट नेहमी फक्त झणझणीतच लागतो. मत बनवायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या घोटावर.

मोठी बाटली घेण्याआधी ५० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात का ते पाहावं, किंवा मित्रांनी एकेक वेगळी घेऊन वाटून घ्यावी. लाकडी पेटी, सोनेरी शिक्का, 'मर्यादित आवृत्ती' वगैरे प्रकार पहिल्या वर्षी तरी दुसऱ्यांच्या घरी प्यावेत. आणलेली बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नये, कडक दारूने बूच खराब होतं. उघडल्यावरही ती बरेच महिने नीट राहते, पण तळाशी थोडीच उरली की वरच्या हवेने तिचा वास हळूहळू फिका पडत जातो, म्हणून शेवटचा पाव हिस्सा फार रेंगाळत ठेवू नये. या एका बाबतीत नवख्यांना आजवर कुणाचं मार्गदर्शन लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही.