यादीत नाव कसं चढतं?

संकटग्रस्त वनस्पतीची नोंद करायची तर जैवविविधता कायदा, 2002 चं कलम 38 वाचा. अधिसूचना केंद्र काढतं, पण राज्याशी सल्लामसलत करून. आपलं राज्य जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, हे आपलं भाग्यच.

वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींचं, म्हणजे त्यातल्या प्रजातींच्या याद्यांचं, वेगळं: कलम 61 नुसार तो अधिकार केंद्राचा. 1 एप्रिल 2023 पासून अनुसूची सहाच्या चार झाल्या. अनुसूचीचा जुना क्रमांक टाकलेला प्रस्ताव दुरुस्तीत अडकतो.

घोळ खरा नावात होतो. मेळघाटातला रानपिंगळा, म्हणजे छोटं घुबड, कुठे हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी, कुठे अथीनी ब्लेविटी. दोन्ही शास्त्रीय नावं लिहाच. नोंदीला तारीख, अक्षांश-रेखांश, फोटो जोडा. नुसतं ‘जंगलात दिसतो’ पुरत नाही.